मानमोडीचा ताप आणि थकलेले काळीज



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर आणि शिवकालावर बोलणारी विद्वान मंडळी येतात, श्रोते तृप्त होऊन घरी जातात. मी पडलो युनियनचा माणूस. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या बाहेरच्या बाकावर आणि वाचनालयाचा शिपाई दिवे मालवू लागला तरी त्याच्याकडे न पाहता. तेव्हा वैद्यकावर अधिकाराने बोलण्याचे सोंग मी आणणार नाही. मला इतिहास सांगावयाचा आहे, आणि तो एका रकान्याचा आहे. माणूस गेल्यावर सरकारी कागदावर त्याच्या नावापुढे कारण म्हणून जे दोनचार शब्द पडतात, त्या रकान्याचा.

हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. २०१९ च्या श्रावणात खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्यात बॉयलरवर काम करणारा आमचा एक सभासद तापाने पडला. वय पन्नाशीच्या पुढे. लहानपणी त्याचे सांधे सुजून ताप आला होता आणि त्यात हृदयाची एक झडप खराब झाली होती. ते दुखणे घेऊनच त्याने तीस वर्षे काम केले. ताप आला तरी तीन दिवस तो पाळीवर गेला, कारण तो ठेकेदाराकडचा आणि खाडा म्हणजे पगाराला कात्री. अंगदुखीच्या गोळ्या खाल्ल्या. चौथ्या दिवशी एका दवाखान्यात सलाईन लावून घेतले, अशक्तपणा जावा म्हणून. हृदयाचे त्याने सांगितले नाही, कोणी विचारलेही नाही. त्या रात्री त्याला आडवे होता येईना. भिंतीला टेकून, गुडघ्यांवर हात ठेवून तो रात्रभर बसून राहिला आणि पहाटे रिक्षातून नेता नेता गेला. दाखल्यावर कारण आले: हृदय व श्वसनक्रिया बंद पडली.

पंधरा दिवसांनी त्याची बायको युनियनच्या खोलीवर आली. कागद टेबलावर ठेवून म्हणाली, "भाऊ, ताप तर आम्ही घरातल्या सगळ्यांनी पाहिला. मग कागदावर ताप का नाही?"

मला उत्तर देता आले नाही. ते शोधण्याकरिता जे वाचले, विचारले, त्यातले काही आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिले उत्तर मला पुस्तकात नव्हे, आमच्या आजीच्या बोलण्यात सापडले. आजी कर्जतच्या बाजूची. १९१८ साली ती सातआठ वर्षांची होती. त्या वर्षीच्या साथीला आपल्याकडे लोक मानमोडी म्हणत. ताप येई, मान आणि पाठ मोडून जाई, म्हणून मानमोडी. आजी सांगे की त्या साली पाऊस आधीच दगा देऊन गेला होता, आणि जे काही भात उभे होते ते कापायला गावात धड माणूस राहिला नव्हता. तिचा एक चुलता मुंबईला गिरणीत होता. तो आगगाडीने कर्जतला उतरला, चालत घरी आला आणि अंथरुणाला लागला. आठ दिवसांनी ताप उतरला. तो उठला, विहिरीवर गेला, भरलेली घागर उचलली आणि तिथेच खाली बसला, तो उठलाच नाही. आजीचे वाक्य माझ्या कानात आहे: "ताप गेला, पर जाताना काळीज घेऊन गेला." मी ते म्हातारीचे बोलणे म्हणून सोडून दिले होते. पुढे कळले की त्या वेळचे डॉक्टरही ताप उतरल्यावर रोग्याला लवकर उठू देऊ नका, हृदय दुबळे झालेले असते, असेच बजावीत होते.

आता मुंबईकडे वळू, कारण मानमोडी तिकडूनच आपल्याकडे आली. १० जून १९१८ रोजी मुंबईत ७ पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. पुढच्या दहाबारा दिवसांत बंदरातली, टाकसाळीतली, तारखात्यातली आणि राचेल ससून गिरणीतली माणसे पडू लागली. ही पहिली लाट सौम्य होती. दुसरी सप्टेंबरात आली आणि तिने होत्याचे नव्हते केले. ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे मेली. मुंबई इलाख्यात त्या साथीने दहा लाखांहून अधिक माणसे नेली. सबंध हिंदुस्थानचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. १९२१ च्या शिरगणतीत इलाख्याची वस्ती १९११ पेक्षा कमी भरली, ह्यावरून काय ते समजावे.

रोग आला कसा? कर्जतकरांनी तरी हा प्रश्न विचारू नये. घाटावर जाणारी प्रत्येक गाडी कर्जतला थांबे, कारण पुढे बोरघाट. ह्याच घाटाखाली खोपोलीला १९१५ मध्ये टाटांचे वीजगृह सुरू झाले आणि त्याची वीज परळच्या गिरण्यांना जाऊ लागली. वीज खालून वर गेली, माणसे गेली, आणि त्याच लोखंडी रस्त्याने तापाने पडलेले गिरणीवाले पुणे, सातारा, कुलाबा अशा आपापल्या गावी परतले. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट ह्यांनी आपल्या अहवालात रोगाच्या फैलावात रेल्वेचा वाटा मोठा असल्याचे नमूद केले आहे. सरकारी अहवालात एवढी कबुली नेहमी सापडत नाही.

त्याच काळातला आणखी एक आकडा मी जिथे जाईन तिथे सांगतो. मुंबई शहरात त्या साथीत युरोपियनांत हजारी ८.३ माणसे मेली, पारशांत ९, आणि अहवालाने ज्यांना 'हलक्या जातीचे हिंदू' म्हटले त्यांच्यात हजारी ६१.६. शब्द अहवालाचा, माझा नव्हे. विषाणू तोच, हवा तीच. मग सातपटीहून अधिक फरक कशाचा? एका खोलीत दहा माणसे, दुप्पट भावाचे धान्य, आणि ताप अंगात असताना कामावर जाण्याची सक्ती. आपल्याच जिल्ह्यातल्या गोरेगावचे ना. म. जोशी ह्यांची सोशल सर्व्हिस लीग त्या दिवसांत मदतीच्या कामात होती. जानेवारी १९१९ मध्ये, म्हणजे साथ ओसरून जेमतेम दोनतीन महिने झाले असताना, मुंबईच्या एक लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी संप केला. महागाईचा तो संप होता. पण त्या गर्दीत घरी नुकतेच सुतक फिटलेले किती असतील, ह्याचा विचार आमच्या चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी फारसा केलेला नाही.

असो. मुद्दा रकान्याचा आहे.

१९१८ साली खेड्यातल्या मृत्यूची नोंद गावचा पाटील ठेवी. त्याच्या वहीत कारणांचे ठराविक रकाने होते: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, इजा, आणि राहिलेले सगळे 'इतर'. हृदयाला रकानाच नव्हता. पाटील काही डॉक्टर नव्हे. अंग तापले होते ना, मग ताप. आजीचा चुलता विहिरीवर बसून गेला, तोही तापातच लिहिला गेला असणार. साथीचे बळी किती, हे व्हाइटसाहेबांनी काढले तेही 'इन्फ्लुएन्झा' असा रकाना पाहून नव्हे. तो वहीत नव्हताच. मागल्या वर्षांत ताप आणि श्वासविकार मिळून जितके मृत्यू होत, त्याहून त्या साली जितके जास्त भरले, तितके साथीचे, असा हिशेब त्यांनी धरला.

ही वजाबाकी त्यांची स्वतःची नव्हे. लंडनमध्ये विल्यम फार नावाचा एक आकडेतज्ज्ञ होऊन गेला. १८४७ च्या हिवाळ्यात तिथे इन्फ्लुएन्झा आला. इन्फ्लुएन्झाच्या रकान्यात थोडेच मृत्यू पडले होते, पण फारने सगळे रकाने एकत्र बेरजेला घेतले तेव्हा सहा आठवड्यांत पाचेक हजार माणसे नेहमीपेक्षा जास्त मेलेली आढळली. ती लपली होती इतर दुखण्यांच्या नावाखाली. मला हा माणूस फार आवडतो. मालकाच्या ताळेबंदात नफा कुठे दडवला आहे हे शोधताना आम्ही नेमके हेच करतो: एकेका खात्यावर विश्वास ठेवायचा नाही, एकूण बेरीज मागायची.

पुढची पायरी अमेरिकेत पडली. १९३२ मध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्यातल्या सेल्विन कॉलिन्स ह्यांनी १९१८ पासूनच्या साथी तपासल्या आणि दाखवून दिले की ज्या आठवड्यांत इन्फ्लुएन्झा वाढतो, त्याच आठवड्यांत हृदयविकाराने मेलेल्यांची संख्याही नेहमीपेक्षा वर चढते, आणि साथ उतरली की उतरते. दाखल्यांवर इन्फ्लुएन्झाचा उल्लेखही नव्हता. म्हणजे आजी जे घागरीजवळ बसलेल्या एका माणसावरून म्हणाली, ते कॉलिन्सने हजारो दाखल्यांवरून म्हटले. तोवर रोगाचा विषाणू कोणी पाहिलेला नव्हता. तो वेगळा काढला गेला १९३३ मध्ये, लंडनला, फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याला सर्दी लावून.

१९५७ मध्ये आशियाई फ्लू आला. मे महिन्यात सिंगापूरहून आलेल्या जहाजाबरोबर तो मद्रासला उतरला आणि देशभर पसरला. सरकारी नोंदीप्रमाणे पुढच्या फेब्रुवारीपर्यंत आपल्या देशात ४४ लाख ५१ हजारांवर रोगी आणि १,०९८ मृत्यू. रोग सौम्य होता हे खरेच. पण फार आणि कॉलिन्स वाचल्यावर ह्या १,०९८ पाशी मला अडखळल्यासारखे होते. जे फ्लूच्या नावाने लिहिले गेले, तेवढेच हे. त्याच साथीत न्यूयॉर्कच्या इस्पितळातल्या डॉक्टरांच्या ध्यानात आले की फ्लूमुळे न्युमोनिया होऊन जे अत्यवस्थ झाले, त्यांत आधीच हृदय बिघडलेले पुष्कळ होते, आणि त्यातही सांधेतापाने झडप अरुंद झालेले ठळकपणे दिसत होते. आमच्या बॉयलरवाल्याचे दुखणे तेच. १९६० मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने हृदयरोग्यांना, गरोदर स्त्रियांना आणि ६५ च्या वरच्यांना दरसाल फ्लूची लस घ्यावी असे सांगितले. साठाहून अधिक वर्षे झाली त्याला.

इथे क्षणभर थांबून हे होते कसे ते सांगतो. डॉक्टर मित्रांकडून मी समजून घेतले आहे. चूक असली तर ती माझ्या डोक्याची.

आधी एक गैरसमज. 'हार्ट फेल' म्हटले की आपल्याला वाटते हृदय थांबले. तसे नाही. हृदय चालू असते, पण शरीराला लागते तितके रक्त पुढे ढकलण्याची ताकद त्याच्यात उरलेली नसते. मग रक्त मागे तुंबते; पाय सुजतात, फुफ्फुसात पाणी साचते. माणूस अशा हृदयासह वर्षानुवर्षे जगतो, काम करतो. आणि एखाद्या दिवशी ते एकाएकी ढासळते, तेव्हा त्याला दम लागतो, आडवे होता येत नाही.

कर्जतच्या माणसाला हे समजावयास अवघड नाही. मुंबईहून निघालेली गाडी सपाटीवर खुशाल धावत येते. तिचे इंजिन दुबळे की सबळ, हे तोवर कळतच नाही. पुढे बोरघाटात ३७ फुटांमागे १ फूट चढ. म्हणून कर्जतला मागून बँकर जोडावे लागतात. हल्लीच्या वंदे भारतला ते लागत नाहीत, पण ती गोष्ट तरण्याबांड काळजाची. थकलेल्या काळजाला ताप हाच घाट. अंगाचा ताप एक अंश सेल्सियसने वाढला की नाडी मिनिटाला सुमारे दहा ठोक्यांनी वाढते. खोकल्याने भरलेले फुफ्फुस प्राणवायू कमी घेते, म्हणजे कोळसा कमी आणि चढ जास्त. विषाणूशी लढताना शरीरात जी सूज उठते तिचा हृदयाच्या स्नायूवर आणि रक्तवाहिन्यांवर भार पडतो. क्वचित विषाणूमुळे तो स्नायूच सुजतो. झडप अरुंद असेल तर आणखी वाईट: ठोके भरभर पडू लागले की तेवढ्याशा फटीतून रक्त पुढे जाण्यास वेळच मिळत नाही, आणि ते फुफ्फुसाकडे तुंबू लागते. त्यात शिरेतून बाटल्यांनी खारे पाणी चढवले तर ते पाणी जाणार कुठे? आणि अंगदुखीच्या कित्येक गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात. सलाईन वाईट नाही. हगवणीत त्याने जीव वाचतो. पण आपल्याकडे प्रत्येक अशक्तपणावर सलाईन मागण्याची जी रीत पडली आहे, तीत डॉक्टरांइतकाच दोष आपला. बाटली लावली नाही तर डॉक्टरने काही केलेच नाही, असे आपणच म्हणतो.

अलीकडचे काही आकडे आता भरभर सांगतो. अमेरिकेत हृदय ढासळून इस्पितळात आलेल्या ४८ हजारांवर रोग्यांची पाहणी झाली. तीत शंभरात पंधरांच्या बाबतीत न्युमोनिया किंवा श्वसनाचे दुखणे हे निमित्त ठरले होते. २०१८ मध्ये कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या डॉक्टरांनी दाखवले की तपासणीत फ्लू ठरलेल्या माणसाला पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण एरवीच्या सहापट असते. २०१९ मध्ये अमेरिकेतून कळले की वस्तीत फ्लूचा जोर शेकडा ५ ने वाढला की हृदय ढासळून इस्पितळात येणारे शेकडा २४ ने वाढतात. फ्लू एकटाच असे करतो असे नव्हे. श्वसनाचे दुसरे विषाणूही करतात. आणि केरळात तिरुवनंतपुरमच्या पाहणीत अशा रोग्यांचे सरासरी वय ६१ आढळले, पाश्चात्त्य देशांहून सुमारे दहा वर्षे कमी. म्हणजे आपल्याकडे हे दुखणे बसून खाणाऱ्याचे नव्हे, कमावत्या माणसाचे.

२००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला आणि काही महिने लोक तोंडाला रुमाल बांधून फिरले. मग विसरले. त्यानंतर २०२० उजाडले, ते कोणाला सांगावे लागणार नाही. मार्चमध्ये महाराष्ट्रातला कोरोनाचा पहिला बळी मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयात गेला, तेव्हा रोग्याला न्युमोनिया होता आणि हृदयाच्या स्नायूंना सूज होती, असे महापालिकेने सांगितले. मी ती बातमी वाचली आणि मनात म्हटले, आता पुन्हा रकान्याचे भांडण सुरू होणार. झालेच. कोरोना की हृदय, असा वाद देशभर चालला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्याच वर्षी डॉक्टरांना लिहून कळविले की हृदयरोग, मधुमेह ही सोबतची दुखणी आहेत. कोरोनाने मेलेल्या माणसाचे मूळ कारण म्हणून ती लिहू नयेत. सूचना चांगली, पण घरोघरच्या दाखल्यांवर 'हृदयक्रिया बंद' हेच येत राहिले.

पुढे ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या कुटुंबांना मदत देण्यास सांगितले आणि ५० हजार रुपये ठरले. त्यासोबत जो नियम आला तो मला त्या रकमेपेक्षाही मोलाचा वाटतो. चाचणीत रोग ठरल्यापासून ३० दिवसांच्या आत जो मेला, तो इस्पितळात मेला की घरी, दाखल्यावर काय लिहिले आहे, हे न बघता कोरोनाचा धरावा. विषबाधा, अपघात, खून अशी कारणे वगळून. म्हणजे कोणता अवयव थांबला हे विचारू नका, ताप कधी आला ते विचारा. आमच्या खोलीवर त्या हिवाळ्यात अर्ज भरून घेण्याची रांग लागे. पुष्कळांच्या हातातला कागद हृदयाचाच होता. ज्यांच्याकडे चाचणीचा कागद होता त्यांचे काम झाले. कातकरी वाड्यांवरून आलेल्या काहींकडे तो नव्हता. वीटभट्टीवरच ताप आला, वीटभट्टीवरच माणूस गेला, चाचणी कोण करणार? त्यांना मी परत पाठवले. ते चेहरे अजून आठवतात.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येतो. मृत्यूचे कारण लिहिण्याचा जो सरकारी नमुना आहे तो मी मागवून नीट वाचला. त्याला दोन भाग आहेत. पहिल्या भागात मृत्यूचे तात्काळ कारण, त्याच्या खाली ते कशाने झाले, त्याच्या खाली ते तरी कशाने, अशी उतरती ओळ. दुसऱ्या भागात मृत्यूस हातभार लावणारी इतर दुखणी. आणि नमुन्यावर स्वच्छ सूचना आहे की मृत्यू ज्या रोगाने वा इजेने झाला ते लिहा, हृदय बंद पडणे वगैरे मरणाचा प्रकार लिहू नका. वाचून मी थक्क झालो. अहो, हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते, फाशी दिलेल्याचेही! जे लिहू नका म्हणून छापलेले आहे, तेच आपल्याकडे सर्वांत जास्त लिहिले जाते. मुळात देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यालाच डॉक्टरने प्रमाणित केलेले कारण असते; त्यातलेही हे असे.

त्या माणसाचा दाखला खरा लिहावयाचा तर पहिल्या भागात न्युमोनिया, त्याखाली इन्फ्लुएन्झा, आणि दुसऱ्या भागात झडपेचा जुना विकार असा येऊ शकला असता. येऊ शकला असता, एवढेच म्हणतो, कारण तपासणी झालीच नव्हती. पहाटे चार वाजता दारात आलेल्या निष्प्राण माणसाविषयी त्या तरुण डॉक्टरने फ्लू कशाच्या जोरावर लिहावा? मी त्याच्यावर रागावलेलो नाही. १९१८ च्या पाटलावर तरी कुठे रागावतो? पाटलाच्या वहीत सगळे तापात गेले आणि काळीज हरवले. आजच्या दाखल्यावर सगळे काळजात जाते आणि ताप हरवतो. दोन्ही वेळी एकाच घटनेचे अर्धे अंग कागदावर चढते आणि दुसरे अर्धे बायकोच्या आठवणीत राहते. नुसत्या कागदाचा प्रश्न असता तर मी एवढे बोललो नसतो. जे वहीत नसते त्याच्यासाठी औषध मागता येत नाही, रजा मागता येत नाही, लस तर नाहीच नाही.

लसीबद्दल खरे तेच सांगतो, कारण सभेत जास्तीचे सांगून टाळ्या घेण्याची आमच्या धंद्याला खोड आहे. हृदय दुबळे असलेल्या ५,१२९ जणांवर आशिया, आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या दहा देशांत फ्लूच्या लसीची परीक्षा झाली. आपला देश त्यांत होता. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. मृत्यू, झटका, पक्षाघात, हृदय ढासळून दाखल होणे ह्या सगळ्यांचा मिळून जो मुख्य हिशेब धरला होता, त्यात ठाम फरक दिसला नाही. न्युमोनिया मात्र शेकडा ४२ ने आणि एकूण इस्पितळात दाखल होणे शेकडा १६ ने कमी झाले. म्हणजे ती जादूची कांडी नव्हे; मागून लावलेला बँकर आहे. २०२५ मध्ये चीनमधला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. तिथे हृदय ढासळून दाखल झालेल्यांना घरी सोडण्यापूर्वीच लस टोचली, आणि पुढच्या वर्षात मृत्यू वा पुन्हा दाखल होणे कमी झालेले आढळले.

आपल्या देशाच्या सार्वत्रिक लसीकरणाच्या कार्यक्रमात ही लस नाही. विकत घ्यावी तर ठेकेदाराकडच्या माणसाची तीनचार दिवसांची मजुरी जाते. आणि वेळेचाही घोळ आहे. थंडीच्या देशांत फ्लू हिवाळ्यात येतो म्हणून तिथे लस पानगळीत टोचतात. आपल्याकडे त्याचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, जुलै ते सप्टेंबर. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या कित्येक वर्षांच्या पाहणीत हेच दिसले आहे. तेव्हा आपल्या भागात ती घ्यावयाची तर एप्रिल-मेमध्ये, म्हणजे ही व्याख्यानमाला चालते नेमक्या त्याच दिवसांत. समोर बसलेल्यांपैकी ज्यांना हृदयाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरांना एवढे विचारून पाहावे. ताप आला तर गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, आणि कोणीही बाटली लावण्यापूर्वी, न विचारताही, 'मला हृदयाचे आहे' हे सांगावे. पायावर सूज, दोन दिवसांत एकदोन किलो वजन वाढणे, रात्री एक उशी पुरेनाशी होणे, ही घाट चढत नसल्याची चिन्हे. तेव्हा सकाळची वाट पाहू नये.

युनियनच्या खोलीत आम्ही आता एक जाड वही ठेवली आहे. सभासदांपैकी ज्यांना हृदयाचे दुखणे आहे त्यांची नावे, कोणाच्या गोळ्या चालू आहेत, ताप कोणत्या तारखेला आला, पाळीवर गेला की घरी राहिला, औषध कोणी दिले. ठेकेदारांशी बोलणी करताना तापाच्या पगारी रजेची मागणी मांडू तेव्हा ही वही बरोबर नेतो. दोन ठेकेदारांनी पहिले दोन दिवस मान्य केले, बाकीच्यांशी भांडण चालू आहे. रकाने आखण्याकरिता मी त्याच बाईला बोलावले होते. तिचे अक्षर माझ्याहून चांगले. मागच्या सालांच्या नोंदी असाव्यात की नसाव्यात ह्यावर आमची थोडी चर्चा झाली. तिने ऐकून घेतले आणि पहिल्या ओळीत नवऱ्याचे नाव लिहिले. ताप आल्याची तारीख तिला कोणाला विचारावी लागली नाही.